कॉलेजला टॅबवर भागतं का, की लॅपटॉपच लागतो?

(पहिले काही सेकंद निवेदन नाही. काचेवर पेन चालल्याचा टकटक आवाज तेवढा ठेवायचा.)

हा हात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे, आणि ती जे काढतेय तोही हातच आहे. मनगटाची आठ हाडं, आठही वेगळ्या रंगात, प्रत्येकाला बाण, बाणाच्या टोकाला नाव. मधेच चिमटीने चित्र मोठं करते, एका हाडाची कड नीट करते, परत लहान. तिचा तळवा काचेवर पूर्ण टेकलाय बघा, तरी एकही फालतू रेघ उमटत नाहीये.

या पेनाला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. काचेखाली बारीक तारांची जाळी असते, ती थोडंसं चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातल्या इवल्याशा कॉइलला तेवढ्यातच वीज मिळते आणि पेन उलट जाळीला कळवतो की मी इथे आहे आणि एवढा जोर पडलाय. सॅमसंगच्या एस पेनात हे तंत्र आहे. ॲपलच्या पेन्सिलीत बॅटरी असते, ती चार्ज करावी लागते. बाकी अनुभव दोन्हीकडे भारीच आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तिची सगळी जाड पुस्तकं या अर्धा किलोच्या काचेत आहेत. वाचायचं, खुणा करायच्या, चित्र काढायचं, परत वाचायचं. लॅपटॉप घरी आहे म्हणते, बाबा वापरतात. मेडिकल, लॉ, आर्ट्सचा बराचसा भाग, यांचं टॅबवर भागतं. हे मान्य करून पुढे जाऊ, कारण आम्हाला जे दाखवायचंय ते पुढे आहे.

आता हा मुलगा. बीड जिल्ह्यातला, पुण्यात सेकंड इयर मेकॅनिकलला. त्याच्या हातातला टॅब महाज्योतीचा आहे. महाज्योती म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, नागपूरची, राज्य सरकारचीच. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन क्रिमिलेयर मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी त्यांच्याकडून टॅब मिळतो आणि सोबत रोजचा 6 जीबी डेटा. गावात क्लास नव्हता तर क्लास या काचेतून घरात आला, आईने शेगडीशेजारी बसून त्याचं फिजिक्स ऐकलंय, आणि तो इंजिनीअरिंगला आला तो याच टॅबवर. त्यामुळे टॅबला काही बोललं की त्याला आवडत नाही.

पण इंजिनीअरिंगला आल्यावर काम बदललं. बारावीपर्यंत बघायचं होतं, आता बनवायचंय. यंत्राचे भाग थ्रीडीत बनवायचं सॉफ्टवेअर, सॉलिडवर्क्स, फक्त विंडोजवर चालतं. ऑटोकॅडचं टॅबवरचं ॲप आहे पण ते ड्रॉइंग उघडून बघायला आणि थोडं इकडंतिकडं करायला, पूर्ण ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवरच. त्याचा रूम पार्टनर कॉम्प्युटरचा, त्याचं दुखणं तर अजून मजेशीर आहे, अँड्रॉइडचं ॲप बनवायचं गूगलचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, ते अँड्रॉइड टॅबवर चालतच नाही, त्याला विंडोज, मॅक नाहीतर लिनक्स लागतं. आयपॅडवर 2021 पासून स्विफ्ट प्लेग्राउंड्समधून ॲप बनवून थेट स्टोअरला पाठवता येतं, हे खरंय, पण कॉलेजच्या सिलॅबसमधे ॲपलची ती स्विफ्ट भाषा कोण शिकवतंय. कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं, तेही विंडोजवर.

यावर टॅबवाले म्हणतात, सगळं आता ब्राउझरमधे आहे की. आहे. गूगल कोलॅब उघडा, पायथन लिहा, प्रोग्राम पळतो गूगलच्या मशीनवर, तुमचा टॅब नुसती खिडकी. हॉस्टेलचं वायफाय रात्री अकराला बसतं तेव्हा ती खिडकीही बंद, हे आम्ही शूट केलंय, पुढे एक मिनिटभर तो जो गोल फिरताना दिसेल तो एडिटिंगमधला नाहीये.

(गोल फिरतो. निवेदन नाही.)

ही लॅब. दार दिसतंय तेवढंच. लॅब संध्याकाळी बंद होते आणि त्यानंतर याच्याकडे सॉलिडवर्क्स नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण या कपाटात आम्हाला एक वस्तू सापडली.

हा आकाश टॅब्लेट. एका निवृत्त सरांच्या घरी, दिवाळीच्या माळांच्या डब्याखाली. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी याचं लाँच केलं होतं, ते तेव्हा मनुष्यबळ विकासमंत्री होते. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब्लेट म्हणून गाजावाजा झाला होता, आणि तो मुद्दाम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीच होता, म्हणजे आपला आजचा प्रश्न सरकारने तेव्हाच विचारून उत्तरही देऊन टाकलं होतं. डेटाविंड कंपनीने बनवला, आयआयटी राजस्थान सोबत होती. सात इंची स्क्रीन, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, अँड्रॉइड 2.2. स्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं, सर नख वापरून दाखवतायत बघा. पण कडेला बघा. दोन यूएसबी पोर्ट, मोठे, पेनड्राइव्ह सरळ आत जाईल असे. आज लाखाचा आयपॅड घेतला तरी त्याला एकच बारकं भोक असतं.

तर हा पहिला आकाश रडतखडत चालला, टीका झाली, आणि पुढच्या आकाशचं काम आलं आयआयटी मुंबईकडे, पवईला. प्राध्यापक दीपक फाटक त्यात होते. 11 नोव्हेंबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश 2 आला. एक गिगाहर्ट्झ, 512 एमबी रॅम, अँड्रॉइड 4, आणि बोट लावलं की कळणारी स्क्रीन. पण आम्हाला यातलं सगळ्यात भारी वाटलं ते हार्डवेअर नाही. पवईच्या लोकांनी त्या सात इंचात काय घालायचं ठरवलं, तर सी, सी प्लस प्लस, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि गणिताचं सॉफ्टवेअर सायलॅब. म्हणजे टॅबवर बसून पोरांनी प्रोग्राम लिहावा, गणितं सोडवावी. शिवाय त्यावर लिनक्स चालवायची खटपट केली, अँड्रॉइड बाजूला ठेवून. त्यांना त्या टॅबचा कॉम्प्युटर करायचा होता. सरांच्या कपाटातला हा पहिलाच आकाश असल्यामुळे ते आम्हाला स्क्रीनवर दाखवता आलं नाही, नाहीतर पूर्ण व्हिडिओ त्यावरच केला असता. आणि गंमत म्हणजे त्याच आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून पुढे काही वर्षांनी जे आलं तो साधारण दहा हजारांचा, लिनक्सवर चालणारा एक लॅपटॉप होता.

आकाशची योजना पुढे बारगळली. सर आजही तो फेकत नाहीत.

(सर डबा बंद करतात. इथे काही बोलायचं नाही.)

पुण्याचा टिळक रोड. दुपारचे तीन. हा जुन्या लॅपटॉपचा गाळा रस्त्यावरून दिसत नाही, जिन्याखालून आत जावं लागतं. आयटी कंपन्या लॅपटॉप लीजवर घेतात, तीन-चार वर्षांनी लीज संपली की लॉटच्या लॉट बाहेर पडतात, दिल्लीचं नेहरू प्लेस असो नाहीतर आपला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तिथून फिरत फिरत इथे. हे खोके आत्ताच आलेत. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड. कोणाच्या झाकणावर अजून कंपनीचं ॲसेट स्टिकर आहे, कोणावर गणपतीचं.

थिंकपॅड टी 480. 2018 चं मॉडेल. आधी बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमधे जाऊन आतली बॅटरी बंद करायची. मागची बॅटरी बाहेर. हो, याला दोन बॅटऱ्या असतात, मागची चालू लॅपटॉपलाही बदलता येते, काम बंद पडत नाही. मग सहा स्क्रू. ते खाली पडत नाहीत, झाकणालाच अडकून राहतात, ज्याने हे डिझाइन केलं त्याने कधीतरी स्वतः स्क्रू शोधले असणार. मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवायचं, कट, कट, कट.

(झाकण निघतं. आतली धूळ. क्लोजअप पूर्ण चालू द्यायचा.)

ही फॅनमधली धूळ एखाद्या आयटी पार्कची चार वर्षांची आहे. ब्रशने काढली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली, ती आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवीन पेस्ट शेंगदाण्याएवढी. रॅमच्या दोन खाचा, एकीत 8 जीबी होती, दुसरीत अजून एक 8 ची बसली, टक्‌ करून. एसएसडी, म्हणजे स्टोरेज, नवी. किबोर्डचं एक बटण गेलेलं, किबोर्ड सरकवून बाहेर, दुसरा आत. हे सगळं दुकानदार गप्पा मारत करत होता. आम्ही विचारलं, टॅब आला तर?

हे त्याचं उत्तर. बाजूचं टेबल. हीट गन. काच गोंदाने चिकटवलेली असते म्हणून आधी कड तापवायची, मग पातळ पत्री घालून गोंद कापत जायचं. रॅम बदलता येत नाही, स्टोरेज बदलता येत नाही, दोन्ही बोर्डला झाळलेलं. फक्त बॅटरी बदलायला एवढं सगळं. पत्री अर्ध्यात आलीय.

(काचेला तडा जाण्याचा आवाज. हे बघत उभ्या असलेल्या बीडच्या मुलाचा चेहरा. निवेदन नाही.)

लॅपटॉप फास्ट की टॅब फास्ट या वादात आम्हाला रस नाहीये, आयपॅड प्रोमधे 2021 पासून मॅकवालाच प्रोसेसर येतोय, वेगाचा प्रश्न तिथेच संपला. प्रश्न उघडण्याचा आहे. असा लॅपटॉप खालून सहा स्क्रूने उघडतो आणि वरून हवं ते सॉफ्टवेअर टाकून, तुम्ही मालक. टॅबचं दोन्हीकडचं झाकण कंपनीकडे. आणि पैशाचं म्हणाल तर साधा आयपॅड 35 हजारांच्या आसपास, त्याला कंपनीचाच किबोर्ड आणि पेन घेतलं की जवळपास दुप्पट. हा समोरचा टी 480 पंधरा ते वीस हजारांच्या मधे कुठेतरी मिळतो, तुम्ही भाव किती ताणताय त्यावर.

बघून घ्यायच्या गोष्टी, दुकानदारानेच सांगितल्या, त्याच्या धंद्याच्या विरोधात जाऊन. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर तरी हवा, त्याच्या आधीचं घेऊ नका. टी 480 मधे सातव्या जनरेशनवालाही येतो, त्यामुळे मॉडेलच्या नावावर जायचं नाही, लॅपटॉप चालू करून आकडा बघायचा, 8250 किंवा 8350 असा आठने सुरू होणारा. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना. आणि कमांड प्रॉम्प्टमधे powercfg /batteryreport ही कमांड मारून बॅटरी मुळात किती होती आणि आता किती उरली ते दुकानातच वाचायचं, घरी जाऊन नाही.

झेरॉक्सचं दुकान, सबमिशनच्या आदल्या दिवशी. ही गर्दी खरी आहे. ज्यांनी पीडीएफ आणली ते व्हॉट्सॲपवरून पाठवतात, टॅब असो काही असो, दोन मिनिटात प्रिंट हातात. ज्यांनी टॅबवर वर्डमधे रिपोर्ट केला ते इथे कडेला उभे दिसतायत. दुकानाच्या पीसीवर फाईल उघडली की समास हलले, आकृती पुढच्या पानावर, मग बोटाने ओढाओढ. त्यातून स्क्रीन 10.1 इंचापेक्षा मोठी असेल तर वर्डच्या ॲपमधे फुकट एडिटिंग होतच नाही, मायक्रोसॉफ्टचं सबस्क्रिप्शन लागतं, म्हणजे मोठा टॅब घेतला म्हणून दंड. आणि ही शेवटची मुलगी एमए मराठीची. तिच्या गाइडनी प्रबंधिका श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधे मागितलीय. श्रीलिपी टॅबवर कुठे टाकणार? ती या दुकानातच, या स्टुलावर बसून, पानामागे पैसे देऊन टाइप करून घेतेय.

कॅम्पस प्लेसमेंटच्या ऑनलाइन टेस्टला बहुतेक कंपन्या लॅपटॉपच मागतात, ज्याच्याकडे नाही तो मित्राचा घेतो, मित्राचीही टेस्ट त्याच वेळी असते.

बीडचा मुलगा टिळक रोडला परत आला. "दादा, सॉलिडवर्क्स चालंल ना यावर?" दुकानदार म्हणाला, छोटे पार्ट मस्त चालतील, मोठी असेंब्ली उघडलीस की फॅन ओरडेल, ओरडू दे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये त्यात, हे त्याने लपवलं नाही. मुलगा बराच वेळ आकडा बघत बसला होता, आठने सुरू होणारा.

पैसे दोन टप्प्यात ठरले. मेसचे या महिन्याचे थकले. टॅब विकलेला नाही, स्पेसडेस्क टाकून आता तो लॅपटॉपची दुसरी स्क्रीन झालाय, डावीकडे सरांची पीडीएफ, उजवीकडे ड्रॉइंग.

दुकानाची गॅरंटी सहा महिने, बॅटरी सोडून. बिल जीएसटीचं मागा, सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या, आणि तो लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरशी तिथेच उभं राहून जुळवून बघा.