खांबावरची नळी आणि ४० चा आकडा

नमस्कार मंडळी. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, सगळीकडून लोक आलेत, तर आधी एक विचारतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला, सहज हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, बोटाएवढी प्लास्टिकची नळी लावलेली कुणी बघितलीय का? दोनच हात वर. बाकीचेही रोज तिच्याखालून जात असणार, लक्ष जात नाही इतकंच. ती कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची असते, तिला डिफ्युजन ट्यूब म्हणतात, आणि ब्रिटनमध्ये हवेच्या प्रदूषणाचा बराचसा हिशोब तिच्यावर चालतो.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, हवा मोजायची म्हटलं की आधी प्रदूषण नियंत्रण मंडळ आठवतं. इथे १९९५ च्या एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टने ते काम कौन्सिलच्या गळ्यात घातलं. आपापल्या भागातली हवा तपासत राहा, मर्यादेबाहेर जाते तो भाग एअर क्वालिटी मॅनेजमेंट एरिया म्हणून जाहीर करा, मग काय करणार त्याचा प्लॅन लिहा. हाउन्स्लोने अख्खा बरोच, म्हणजे कौन्सिलचा पूर्ण इलाखाच जाहीर करून टाकला, स्लावने ब्रँड्स हिलसारखे ठरावीक भागच जाहीर केले.

आता ही नळी बघा, जेमतेम सात सेंटिमीटरची. वरच्या टोपणात स्टीलची बारीक जाळी, तिला ट्रायइथेनॉलअमाईन नावाचं रसायन लावलेलं, खालचं तोंड उघडं. हवेतला नायट्रोजन डायऑक्साईड, जो मुख्यतः गाड्यांच्या, त्यातही डिझेलच्या धुरातून येतो, तो हळूहळू वर जाऊन जाळीवर अडकतो. वीज नको, पंप नको, काही नको. चार-पाच आठवड्यांनी कौन्सिलचा माणूस येतो, जुनी काढतो, नवी लावतो, जुनी लॅबमध्ये जाते, तिथे त्यात रसायनं घालून गुलाबी रंग आणतात आणि रंग जितका गडद तितका वायू जास्त, असा तो आकडा निघतो. पामस नावाच्या अमेरिकन माणसाने १९७६ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही, आणि मला विचाराल तर अजून तिच्याइतकं स्वस्तात आणि इतक्या ठिकाणी मोजणारं दुसरं काही नाही.

पण ती लाईटच्या मीटरसारखी आहे. महिन्याचे युनिट कळतात, गीझर कधी लावला ते कळत नाही. त्यात तिचा आकडा पंचवीसेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणून कौन्सिल काय करते, तीन नळ्या एका मोठ्या मशीनच्या शेजारी लावते, दोघांचे आकडे ताडून बघते आणि जो फरक येतो त्याने सगळ्या नळ्यांचे आकडे दुरुस्त करते. मशीन म्हणजे फुटपाथवरचं ते कपाटासारखं खोकं. ते तासातासाला मोजतं, पण महाग असतं, आत एसी, वेळोवेळी कॅलिब्रेशन, त्यामुळे एखाद्या बरोत मोजकीच असतात.

तासाचा आकडा कशाला पाहिजे? तर मर्यादा दोन आहेत. वर्षाची सरासरी एक घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, आणि तासाला २००, ती वर्षात १८ पेक्षा जास्त वेळा ओलांडायची नाही. लंडनच्या ब्रिक्स्टन रोडवर २०१७ मध्ये वर्षभराचा हा कोटा जानेवारीच्या पहिल्या पाच दिवसांत संपला! नळीला हे दिसलंच नसतं. म्हणून नियमात एक अंदाज ठेवलाय, नळीची वार्षिक सरासरी ६० च्या वर गेली तर तासाची मर्यादाही मोडत असेल असं धरा.

आता खरी गोम सांगतो, जी रिपोर्ट वाचताना कुणी बघत नाही. वार्षिक ४० ची मर्यादा कुठे लागू, तर जिथे माणसं वर्षभर राहतात तिथे. घराची दर्शनी भिंत, शाळा, हॉस्पिटल. ऑफिसला नाही, फुटपाथला नाही. नळी तर कर्बजवळच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या खांबावर, म्हणून तिचा आकडा गणित करून मागे, घराच्या भिंतीपर्यंत नेतात. समजा खांबावर ४४ आला, घर काही मीटर आत, तर भिंतीवर तो ३६ निघू शकतो आणि रस्ता पास. यात लबाडी काही नाही, धूर खरंच विरत जातो, पण बाबागाडी घेऊन बसची वाट बघणारी बाई भिंतीला टेकून उभी नसते ना. शिवाय जिथे नळीच नाही तिथे कॉम्प्युटर मॉडेलचा अंदाज सोडला तर काहीच नाही.

लुईशममधली एला अडू-किसी-डेब्रा, नऊ वर्षांची, साउथ सर्क्युलर रोडजवळ राहायची, दम्याने २०१३ मध्ये गेली. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. त्या केसमध्ये उपयोगी पडले ते घरापासून साधारण मैलभर लांब कॅटफर्डला असलेल्या मशीनचे आकडे. ते मशीन नसतं तर कशाच्या जोरावर बोलणार होते?

पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, त्याबद्दल थोडक्यात. सगळ्यात घातक तोच, आणि त्यासाठी इंग्लंडमध्ये कौन्सिलला नायट्रोजन डायऑक्साईडसारखी मर्यादाच लावलेली नाही, देशासाठी म्हणून वर्षाची सरासरी २०४० पर्यंत १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणायचं ठरलंय. डब्ल्यूएचओ ५ म्हणते. मला हे फार ढिलं वाटतं.

मागून चिठ्ठी आलीय, आमच्या शाळेच्या गेटवर नळी का नाही? बहुतेक वेळा उत्तर इतकंच की कुणी मागितली नाही. एक नळी लॅबसकट काही पौंडात होते, खरा खर्च दर महिन्याला शिडी घेऊन फिरणाऱ्या माणसाचा. कौन्सिलच्या साइटवर अ‍ॅन्युअल स्टेटस रिपोर्ट शोधा, शेवटी नळ्यांचा तक्ता आणि नकाशा असतो, तुमच्या शाळेजवळची कुठे आहे ते बघा. सरासरी कॅलेंडर वर्षाची काढतात म्हणून नवीन नळ्या शक्यतो जानेवारीत लागतात, तेव्हा मेल मार्चमध्ये नको, ऑक्टोबरात टाका, आणि त्यात 'गेटजवळ कुठेतरी' असं लिहू नका, खांबावर नंबर असतो तो लिहा.