तळाची माती

मे महिना. परभणी जिल्ह्यातलं एक शिवार. पारा 42 च्या वर, आणि दुपारच्याला गावातली सगळी पोरं विहिरीवर. कुणी काठावरून मुटका मारतंय, कुणी पाठीला डबा बांधून पोहायला शिकतंय. पायरीवरच्या त्या दोघा भावांत पैज लागलीय: तळाची माती कोण वर आणतो.

धाकटा भराभर श्वास घेतोय. दहा, पंधरा, वीस. “दम साठवतोय,” म्हणतो.

लहानपणी मीही हेच म्हणायचो. पण दम असा साठत नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच 97-98 टक्के भरलेला असतो. त्यात पडते ती नावापुरती भर. भराभर श्वासांनी झपाट्यानं उतरतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि पाण्याखाली जीव कासावीस करून आपल्याला वर काढतो तो मुख्यतः हाच वायू! तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात. पोराला वाटतं, झाली तयारी.

खाली गेल्यावर त्याला कोंडल्यासारखं होतच नाही. तो माती उकरत राहतो. इकडे ऑक्सिजन संपत येतो, आणि काही कळायच्या आत शुद्ध हरपते. कधी वर येताना, पाणी हातभर उरलेलं असताना. ना ओरडणं, ना हातपाय झाडणं. पट्टीचे पोहणारेही असेच गेलेत. काठावरच्यांना वाटतं, पोरगं अजून तळाशीच आहे.

अशा पोराला बाहेर काढल्यावर हात जोडून सांगतो, पालथं घालून पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा, आणि एकानं 108 ला फोन लावा.

थोरला पोलीस भरतीची तयारी करतोय. 1600 मीटरच्या रेषेवर छाती धडधडायला लागली की काय करायचं, हे तो ग्राउंडवर शिकलाय: श्वास संथ, मिनिटाला सहाएक, सोडताना घेण्यापेक्षा लांब. त्यानं ठोके खाली येतात.

तो धाकट्याला दंडाला धरून पायरीवर बसवतो. “आधी मुंग्या जाऊ दे.”

थोड्या वेळानं धाकटा नेहमीसारखा एकच श्वास घेऊन बुडी मारतो. थोरला कमरेएवढ्या पाण्यात उभा, नजर पाण्यावर, मोठ्यानं आकडे मोजतोय. अठरा. एकोणीस. वीस.

पाणी हलतं. आधी मूठ वर येते, काळ्या मातीनं भरलेली.