भाऊंची मुलगी, एवढंच?

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथं दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. तर आजचा विषय शशिकलाताई काकोडकर. भाऊसाहेब बांदोडकर म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, सिंह म्हणजे त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची, मगोची निशाणी, हे इथं कुणाला सांगायला नको. ताईंचं नाव निघालं की लोक म्हणतात "भाऊंची मुलगी" आणि तिथंच फाइल बंद! मला याचा मनापासून राग येतो.

घराण्याचा फायदा झालाच. ६७ पासून आमदार, ७२ नंतर वडिलांच्याच मंत्रिमंडळात, आणि १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले तसं मुख्यमंत्रिपद लगेच ताईंकडे आलं, वय ३८. मान्य. पण खुर्ची मिळाल्यावर केलं काय ते बघा ना.

माझी आजी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारी. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात, नारळीच्या बागेत घर, मातीच्या भिंती. दर पावसाळ्यात मागची भिंत खचायची, परत घालायची तर भाटकाराला विचारा, माती घाला म्हणायचा पण चिरा नाही, कारण चिरे लागले की घर कायमचं झालं ना! चवथीला गणपती त्या भिंतीपासून लांब बसवायचे, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, तीसुद्धा अलीकडच्या वाशांनाच बांधायची, पलीकडचा वासा भार घेईल याचा भरवसा नाही. नारळ पाडायचे दिवस आले की घरच्या बायका भाटात राबायच्या आणि मजुरी मागायची कुणाची छाती नव्हती, उद्या ऊठ म्हणाला तर जायचं कुठं? मग ताईंच्या सरकारचा १९७५ चा मुंडकार कायदा आला. आजोबांना कलमं कळत नव्हती, त्यांना एवढंच कळलं की आता कुणी ऊठ म्हणू शकत नाही. पुढे एका उन्हाळ्यात मागच्या भिंतीला चिरे लागले. आजीनं पहिल्या चिऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि संध्याकाळी गवंडी गेल्यावर एकटीच तिथं हात टेकून उभी राहिली, कितीतरी वेळ. माझ्या आईनं हे बघितलंय, ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. ती भिंत अजून उभी आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, मुख्य मुद्दा राहिलाच, भरभर सांगतो.

७६ ला कसेल त्याची जमीन, कूळ कायद्यात दुरुस्ती. ७७ च्या निवडणुकीत भाऊ नव्हते तरी ३० पैकी १५ जागा आल्या, हा कौल ताईंच्या स्वतःच्या कामाचा, हाच माझा मुद्दा. एप्रिल ७९ मध्ये स्वतःच्याच पक्षातले तीन आमदार फिरले आणि सरकार पडलं, ८० ला पक्ष ७ वर आला. मग त्या काँग्रेसमध्ये गेल्या, नंतर भाऊंच्या नावानं वेगळा पक्ष काढला, शेवटी मगोत परत. ही त्यांची चूकच, पक्ष कायमचा खिळखिळा झाला. पण ९० साली शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणी शाळांपुरतं ठेवलं, आणि २०११ ला सरकारनं ते इंग्रजीला दिलं तेव्हा ७६ व्या वर्षी भारतीय भाषा सुरक्षा मंचाचं नेतृत्व घेऊन आंदोलनात उतरल्या. आणि तिथं कोण होतं बरोबर? कोकणीवाले! ज्या कोकणीवाद्यांच्या बाजूनं ६७ च्या जनमत कौलात भाऊंना हवं असलेलं गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरवलं, त्यांच्याच शेजारी त्याच मंचावर भाऊंची मुलगी बसली होती.