आज चार वाजेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

तिसरीचा वर्ग होता. वर्गाच्या बाई मतदार यादीच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या, म्हणून मुख्याध्यापक असूनही मीच खडू घेऊन उभी होते. धडा हातच्याच्या वजाबाकीचा. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस. खाणीवरच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलानं उत्तर लिहिलं, पस्तीस. म्हणजे बारातून सात गेले पाच, हे त्याला बरोबर आलं. दशकाच्या घरातून एक उसना घेतला, हे मात्र तो विसरला. पाचातून दोन गेले, तीन. ही चूक नुसती लाल शाईनं खोडून सुधारत नाही. काड्यांचे गठ्ठे काढायचे, एक गठ्ठा त्याच्याच हातानं सोडायला लावायचा, आणि मग विचारायचं, आता गठ्ठे किती उरले? दहा मिनिटं लागतात. मी काड्या काढल्या आणि फोन वाजला.

‘अत्यंत तातडीचे. आज चार वाजेपर्यंत. शाळेतील शौचालयांची माहिती विहित नमुन्यात. मुलांसाठी किती, मुलींसाठी किती, वापरात किती, नादुरुस्त किती. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.’

काड्या टेबलावर ठेवून मी कार्यालयात गेले.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका शाळेतली ही गोष्ट आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे एका शाळेचं नाहीच. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा, चार वाजेपर्यंतची अशी एक तरी गोष्ट त्यांच्याकडे असेलच.

आता त्या शौचालयांचं बघा. शौचालयं काही पावसाळ्यात छत्र्यांसारखी उगवत नाहीत. ती किती आहेत हे आम्ही दर वर्षी युडायसमध्ये, म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीत, भरतो. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी युडायस क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली शाळेची सगळी कुंडली असते: खोल्या किती, नळ आहे का, अपंग मुलांसाठी उतरता रस्ता आहे का, शिक्षक किती, मुलं किती. २०१२-१३पासून प्राथमिक आणि माध्यमिकची माहिती त्यात एकत्र आली. २०२२-२३पासून तर एकेका मुलाची स्वतंत्र नोंद होते. त्याच्या आधी, २०१५मध्ये, आपल्या राज्यात ‘सरल’ हे शाळांच्या माहितीचं पोर्टल आलं. तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की एकदाची जीव ओतून माहिती भरली की सुटलो. उन्हाळ्याच्या सुटीत सायबर कॅफेत बसून माहिती भरणारे शिक्षक मी पाहिलेत. नवी मुंबईच्या मे महिन्यात, तेही पंख्याखाली.

सुटलो मात्र नाही. सरल राहिलं, युडायस राहिलं, पगारासाठीचं शालार्थ राहिलं, पोषण आहाराची रोजची नोंद आली, चाचणीचे गुण भरायचा चॅटबॉट आला, प्रत्येक मुलाचा कायमचा अपार क्रमांक आला. कुठलंच नवं आलं म्हणून जुनं गेलं नाही. आणि हे सगळं भरून झाल्यावर तीच माहिती व्हॉट्सअॅपच्या गटावर एक्सेलच्या तक्त्यात पुन्हा मागवली जाते, कारण वरच्या टेबलावरच्या माणसाला पोर्टल उघडण्यापेक्षा गटावर एक ओळ टाकणं सोपं पडतं. काही वेळा त्याच्याकडे पोर्टल बघायचा अधिकारच नसतो. म्हणजे खालून भरलेली माहिती थेट शेंड्यावर पोचते आणि मधल्या फांद्या कोरड्याच राहतात.

तातडी कुठून येते, हेही सांगायला हवं. पुष्कळदा विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतं. एखाद्या आमदारांनी तारांकित प्रश्न विचारलेला असतो, उदाहरणार्थ ठाणे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलींची स्वच्छतागृहं किती. प्रश्न रास्तच आहे. तो विचारलाच पाहिजे. मंत्रालय म्हणतं, संध्याकाळी सहापर्यंत कळवा. जिल्हा म्हणतो पाचपर्यंत. त्याखालचं कार्यालय चार म्हणतं. प्रत्येकाला आपल्या पदराशी एक तास राखून ठेवायचा असतो. आणि मी? मी शिक्षकांना म्हणायची, दोनपर्यंत द्या हो. या साखळीतली एक कडी मीही होते.

आणखी एक कबुली. त्या दिवशी मी शौचालयाची जी संख्या पाठवली, ती गेल्या वर्षीच्या तक्त्यातून उतरवून घेतलेली होती. एक नादुरुस्त म्हणून लिहिलं. ते दिवाळीतच दुरुस्त झालं होतं हे मला रात्री पोळ्या लाटताना आठवलं. घाईत मागितलेली माहिती अशीच मिळते. वर कुठेतरी तिची बेरीज होते, टक्केवारी निघते, तिच्यावर बैठका होतात.

माहिती नकोच, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे एक अल्पदृष्टी मुलगी होती. तिची नोंद वेळेवर झाली म्हणून तिला मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली. ती पुस्तकं तिनं पहिल्या दिवशी कुणाला हात लावू दिली नव्हती. पोषण आहाराचा हिशेब ठेवला नाही तर तांदळाला पाय फुटतील, हेही मला कळतं. माझी भाची मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ. त्रेचाळीस मुलं हजर असली की चार किलो तीनशे ग्रॅम. डाळ, तेल, मीठ, मसाला, सगळं ग्रॅममध्ये नोंदवहीत उतरवायचं. तेच मोबाईलवर भरायचं. तेच महिन्याअखेर आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे कागदावर द्यायचं. शाळेत रेंज नाही, म्हणून रोज दुपारी ती किंवा तिचे सहकारी सर समोरच्या टेकाडावर जातात. तेवढा वेळ सगळ्या इयत्ता उरलेल्या एकाकडे.

दिवाळीनंतर तिथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे किंवा आणखी दूर. मुलं बरोबर जातात. कोण गेलं, कुठल्या भट्टीवर गेलं, कधी परत येणार, हे ती एका साध्या दोनशे पानी वहीत लिहिते. मुलांसाठी सगळ्यात उपयोगी कागद तोच, कारण त्यावरून ती भट्टीजवळच्या शाळेतल्या शिक्षकांना फोन करते. ती वही आजवर कुणी मागितलेली नाही. तिच्याकडे मागणी असते ती आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही त्याची. एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळकृष्ण’. ते जुळलं नाही तर मूल वर्गात बसलेलं असूनही संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, गणतीत धरलं जाणार नाही, आणि गणती घसरली की शिक्षकाचं पद जाईल. मग ती बाळूच्या आईला मजुरी बुडवून आधार केंद्रावर पाठवते. आई दिवसभर रांगेत, बाळू शाळेच्या बाहेर. कागदावर मूल टिकावं म्हणून एका दिवसाची शाळा गेली.

आता थोडं गणित करू. शाळेतल्या बाई आहोत म्हटल्यावर गणित सुटत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातला फक्त अर्धा तास रोज माहिती भरण्यात गेला असं धरा. दोनशे दिवसांचे झाले शंभर तास. आठशेतले शंभर, आठवा हिस्सा. चार तासांच्या हिशेबानं पूर्ण पंचवीस दिवसांची शाळा. गणपतीची आणि दिवाळीची सुटी मिळून होते तेवढी आणखी एक सुटी, मुलं वर्गात बसलेली असताना.

याच कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं की शिक्षकाला शिक्षणेतर काम द्यायचं नाही. अपवाद तीनच, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारीही केली. चांगलं झालं. शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणालंच, आता काम कमी झाल्याचा अहवाल कधी पाठवायचा? पण गंमत सोडा. अडचण अशी की मुलाचे गुण भरणं हे काम शैक्षणिकच आहे. तेच गुण तीन ठिकाणी भरणं हेही कागदावर शैक्षणिकच ठरतं. वर्गवारी कामाच्या जातीची झाली, फेऱ्यांची मोजणी झालीच नाही.

फेऱ्या मोजायची एक तऱ्हा अमेरिकेत आहे. तिथे १९८०मध्ये कागदपत्रं कमी करण्याचा कायदा झाला, १९९५मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याला दहा किंवा अधिक जणांना तेच प्रश्न विचारायचे असतील, तर आधी दुसऱ्या एका कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. ही माहिती कशासाठी हवी, दुसरीकडे ती आधीच आहे का, भरायला किती वेळ लागेल, हे सगळं जाहीर करून लोकांचं म्हणणं मागवायचं. त्यासाठी साठ दिवस ठेवायचे. मंजुरी मिळाली तरी ती जास्तीत जास्त तीन वर्षांची. फॉर्मवर मंजुरीचा क्रमांक छापायचा आणि तो भरायला सरासरी किती मिनिटं लागतात, तेही. क्रमांक नसेल तर तो फॉर्म भरला नाही म्हणून कुणाला शिक्षा करता येत नाही. तिथल्या शिक्षकांची सगळी रडगाणी त्यामुळे थांबली असं मुळीच नाही, कारण राज्यांचे आणि जिल्ह्यांचे कागद या कायद्याबाहेर आहेत. तरीही मला त्यातली मिनिटांची ओळ फार आवडते. मागणाऱ्याला निदान एकदा भरणाऱ्याच्या वेळेचा हिशेब करावा लागतो.

आपल्याकडे गटावर संदेश टाकणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही. एक ओळ लिहायला त्याला अर्धं मिनिट लागतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचा अर्धा तास जातो. तो खर्च कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो फुकट वाटतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे बदलायला नवा कायदा कशाला हवा? आधी पोर्टलवर बघा, तिथे नसेल तेवढंच विचारा, एवढा नियम महापालिकेचा शिक्षण विभाग उद्या सकाळी करू शकतो. त्यासाठी केंद्रप्रमुखांना आणि कार्यालयांना आपल्या शाळांची माहिती पोर्टलवर बघता यायला हवी. प्राथमिक शाळेला सहसा लिपिक नसतोच, तेव्हा दहा-बारा शाळांच्या केंद्रामागे माहिती भरणारा एक माणूस द्या. त्याचा पगार शिक्षकांच्या बुडणाऱ्या तासांहून स्वस्तच पडेल.

आणि तो निरंक अहवाल तेवढा बंद करा. श्रोत्यांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. समजा विचारलं, शाळेच्या आवारात उघडी बोअरवेल आहे का? नाही. मग कळवायचं काय? तर ‘माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे’. आमच्या शाळेला बोअरवेलच नव्हती, कधीच नव्हती. मी उत्तर दिलं नाही, तर दोन स्मरणपत्रं आली आणि तिसऱ्यांदा फोन. शेवटी मी विहित नमुन्यात शून्य भरलं, सही केली, शिक्का मारला, फोटो काढला, पाठवला आणि मूळ प्रत शिपायाबरोबर रवाना केली. ते शून्य पोचल्याची पोच मला आजतागायत मिळालेली नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी काही जण महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं घालणारे असाल. अशा प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या महिला असतात. या समितीच्या सभेत बहुधा गणवेश, पोषण आहार आणि गळकं छप्पर, एवढ्यावरच बोलणं होतं. पुढच्या सभेत एक प्रश्न विचारून बघा: गेल्या महिन्यात आपल्या शाळेकडून किती वेळा माहिती मागवली, आणि त्यातली किती आपण आधीच दिलेली होती? मुख्याध्यापक बाई किंवा सर आनंदानं सांगतील. फक्त कृपा करून ते लेखी मागू नका.

नमस्कार.