शांतता, ११ सेकंद

हेडफोन लावून ही मुलगी जे ऐकतेय ना, तो तिचाच आवाज आहे. काल वर्गात रोलप्ले झाला, वर्गातलीच एक मैत्रीण क्लायंट, म्हणजे मदत मागायला आलेली व्यक्ती, झाली होती, आणि आता ही मुलगी ते सगळं शब्द न् शब्द लिहून काढतेय, स्वतःचं 'हं', 'अच्छा', मधेच घेतलेला श्वाससुद्धा. काउन्सेलिंगच्या मास्टर्सला याला व्हर्बॅटिम म्हणतात आणि वीस मिनिटं लिहायला अख्खी संध्याकाळ जाते. चौथ्या मिनिटाला ती थांबते, मागे जाते, परत ऐकते. क्लायंट म्हणालीय, 'बाबा गेल्यापासून घरात कुणी मोठ्याने बोलतच नाही.' आणि हिने लगेच विचारलंय, 'मग आईला कुठे बाहेर का नाही नेत?'

या कोर्सला येणारी बरीच मुलं एकाच कारणाने येतात, लोक माझ्याशी मन मोकळं करतात, मी चांगला सल्ला देते. आणि पहिल्याच सेमिस्टरला नेमकं तेच बाजूला ठेवायला सांगतात, मग हातात काहीच उरलं नाही असं वाटतं, खरंच वाटतं, काही जणांना तर रडू येतं.

रेकॉर्डिंग ऐकून शिकायची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली एका क्लायंटची आठच्या आठ सेशन्स, तबकड्यांवर रेकॉर्ड केलेली, जशीच्या तशी छापली, त्याआधी बंद दाराआड काय चालतं हे शिकणाऱ्याला फक्त ऐकीव माहीत असायचं. पुढे साठच्या दशकात अॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकण्याचे बारीक बारीक तुकडे पाडले, मोकळा प्रश्न कसा विचारायचा, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं परत मांडायचं, त्यामागची भावना कशी ओळखायची, आणि एकेक तुकडा घोटून घ्यायला लावला. रियाजच तो.

एक दिवस मात्र वर्ग वेगळाच असतो. त्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न मोठ्याने विचारायचा असतो, 'तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?' जीभ अडखळते. कुणी म्हणतं 'तसं काही', कुणी 'स्वतःला काही करून घ्यायचं वगैरे'. शिक्षक परत म्हणायला लावतात, शब्द गिळू नका, कारण विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे, संशोधनाने ती खोटी ठरवलीय, उलट कुणीतरी सरळ विचारलं म्हणून माणसाला बोलता येतं. मला वाटतं हा एक तास सगळ्या शाखांच्या मुलांना मिळायला हवा.

तासांचा हिशोबही असतोच. अमेरिकेत कॅक्रेप या संस्थेची मान्यता असलेल्या कोर्सला प्रॅक्टिकम, म्हणजे खऱ्या क्लायंटसोबतचा पहिला सराव, किमान १०० तास, त्यातले ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत, मग इंटर्नशिप ६००, त्यातले २४०, आणि या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासोबत बसून आपलं काम परत पाहणं. लायसन्स त्यानंतर, आणखी बरंच काम सुपरव्हिजनखाली केल्यावर.

आणि सुपरव्हिजन म्हणजे चुका मोजणं नाही. हिचं व्हर्बॅटिम वाचून सुपरव्हायझरनी क्लायंटबद्दल काही विचारलंच नाही, विचारलं ते एवढंच, 'ते वाक्य ऐकलंस तेव्हा तुला काय झालं?' बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्या घरीही असंच होतं. म्हणजे ती शांतता तिलाच सहन झाली नव्हती, आईला बाहेर न्यायचा सल्ला तिथून आला होता. सुपरव्हायझरनी त्यावर तिथे उपचार सुरू केले नाहीत, ते त्यांचं काम नाही, तू स्वतः कुणाकडे तरी जाऊन हे बोल एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. ती जातेय, दर आठवड्याला.

आता तिचं प्रॅक्टिकम सुरू झालंय, खरे क्लायंट, लेखी संमती, गोपनीयता कुठे पाळली जाते आणि कुठे मोडावी लागते हे पहिल्याच भेटीत सांगणं. त्यातलं काही आम्हाला ऐकायला मिळणार नाही आणि मिळूही नये. पण आम्ही विचारलं, या वेळी काय बदललं? तिने नवं व्हर्बॅटिम काढलं, वरचा मजकूर एका हाताने झाकला, खालचा दुसऱ्या हाताने, आणि मधली एकच ओळ आमच्यासमोर धरली, कंसात लिहिलेली.

(शांतता, ११ सेकंद.)