ऐकत नाही म्हणून रागावण्याआधी त्याचं नाक बघा

नमस्कार मंडळी. मी इथे नागपुरात लहान मुलांचे कान तपासायचं काम करते, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट आहे, पण आज मी बोलणार आहे ते नाकाबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लेकरांच्या कानाची तक्रार नाकाच्या मागून सुरू झालेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.

आई येते, सोबत पाच-सहा वर्षांचं पोरगं, आणि बोलणं बहुतेक असंच सुरू होतं, "मॅडम, हा काही ऐकूनच नाही राहिला, कितीदा हाक मारा, ढिम्म. टीचर म्हणते वर्गात लक्षच नाही याचं." मग मी विचारते रात्री घोरतो का, तर हो, याच्या बाबासारखाच. तोंड उघडं ठेवून झोपतो? हो. सर्दी? ती तर बारमाही आहे मॅडम, पण आम्ही कानासाठी आलो.

तर ऐका, हे सगळं एकच आहे. नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला एक मऊ गाठ असते, तिला ॲडिनॉइड म्हणतात. टॉन्सिल तोंड उघडलं की दिसतात, ही दिसत नाही, टॉर्च मारला तरी नाही, म्हणून ती राहूनच जाते. जंतू अडवायचं तिचं काम, सगळ्यांनाच असते, साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सगळ्यात मोठी असते आणि मग हळूहळू आकसत जाते. पण सर्दीवर सर्दी होत राहिली किंवा ॲलर्जी असली की ती सुजून नाकाचा मागचा रस्ता अडवते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या नळीची तोंडं आहेत, ती पण दबतात. कानात हवा पोचत नाही आणि पडद्यामागे पाणी साचतं, ते पुढे चिकट होतं. बहुतेकदा दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. फक्त ऐकू कमी येतं.

माझ्याकडे यासाठी एक साधी तपासणी आहे, कानाच्या तोंडाशी रबराचं छोटं बूच लावायचं, मशीन हवेचा दाब किंचित कमीजास्त करते, काही सेकंदांत होतं. चांगल्या कानाचा स्क्रीनवर डोंगरासारखा उंचवटा येतो, पाणी भरलेल्या कानात नुसती आडवी रेघ. ती सपाट रेघ आईला दाखवली ना की ती एकदम गप्प होते, कारण काल संध्याकाळीच त्याला "ऐकत नाही" म्हणून धपाटा बसलेला असतो.

या मुलांना साधारण 20 ते 40 डेसिबलपर्यंत कमी ऐकू येतं. म्हणजे बहिरं नाही, समोर बसून मोठ्यानं बोललं तर सगळं कळतं, पण पाठीमागून हाक मारली, वर्गात पंखा आणि चाळीस पोरांचा कल्ला असला की निम्मं निसटतं. शिवाय सर्दी उतरली की थोडं बरं, चढली की परत कमी. म्हणून घरचे म्हणतात, सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं याला. नाही हो. ते लेकरू उद्धट नाहीये, त्याला खरंच ऐकू येत नाहीये.

हे नाक-कानाचं नातं काही आजचं नाही. 1868 मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी ॲडिनॉइडचा आजार पहिल्यांदा नीट मांडला, आणि त्यांच्याकडे आलेल्या मुलीची तक्रार काय होती, तर कमी ऐकू येतं आणि बोलणं अस्पष्ट आहे. दीडशे वर्षं होऊन गेली, आणि आपल्याकडे अजून पोरगं बिनधास्त घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय असं समजतात.

घोरण्याचं जरा नीट पाहा. रोज रात्री घोरणं, मधेच श्वास अडकून मग दचकून घेणं, घामाघूम होणं, मान मागे टाकून झोपणं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करणं, अशा वेळी झोपेचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, त्याची फार मदत होते. अशी मुलं दिवसा पेंगतातच असं नाही, उलट चिडचिड करतात, एका जागी बसत नाहीत. वर्षानुवर्षं तोंडानं श्वास घेतला की टाळू उंच होतो, दातांची गर्दी होते, चेहरा लांबट दिसायला लागतो.

आता सायनस. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, मधे बरे दिवस येत असतील तर घाबरू नका, आणि शेंबूड हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नका. पण बारा आठवड्यांच्या वर नाक बंद, घशात कफ उतरतोय, रात्रीचा ओला खोकला, तोंडाला वास, तर तो जुनाट सायनस असू शकतो, आणि लहान वयात त्याच्यामागे बऱ्याचदा हाच ॲडिनॉइड असतो. डोळ्याभोवती सूज आली, जोराचा ताप, उलट्या, तर त्याच दिवशी दवाखाना. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत मणी, चणा काहीतरी अडकलंय का ते बघून घ्या, बटन सेल असेल तर एक तासही थांबू नका.

आपल्या नागपूरचं म्हणाल तर उन्हाळ्यात कूलरशिवाय कुणाचंच भागत नाही, पण मागच्या वर्षीच्या कुबट वासाच्या ताट्या तशाच लावून त्याच हवेत लेकराला झोपवू नका, ताट्या बदला, टाकी धुवा. घरात बिडी-सिगारेट नको, खोली बंद करून मच्छर अगरबत्ती नको. नाकाकानात तेल सोडू नका. आणि कापूर लेकराच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

उपचार म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब, डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे काही आठवडे. स्टेरॉइड नाव ऐकून तो मधेच बंद करू नका, तो मुख्यतः नाकातच काम करतो. मारताना डोकं किंचित खाली आणि नोझल नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, कानाच्या दिशेला. औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणलेले नाक मोकळं करायचे थेंब मात्र नकोच. झोपेत श्वास अडकतोय किंवा कानातलं पाणी हटतच नाही, तेव्हा ॲडिनॉइड काढतात, गरज पडली तर कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवतात. गाठ काढली तर प्रतिकारशक्ती जाईल ही भीती सगळेच विचारतात, पण ते काम शरीरातल्या बाकीच्या गाठी करत राहतात.

कानातलं पाणी पुष्कळ मुलांमध्ये आपोआप जातं, म्हणून तीन महिने वाट बघतात. तोवर टीचरला सांगून पहिल्या बेंचवर बसवा, घरी टीव्ही बंद करून, समोर येऊन बोला. आणि तीन महिन्यांनी बरं दिसतंय म्हणून तपासणी टाळू नका, आपल्या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे मेडिकल कॉलेजमध्ये, मेयोत, मिहानच्या एम्समध्ये नाक-कान-घशाची ओपीडी आहे, जवळ असेल तिथे न्या. पाणी गेलं की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि कमी ऐकायची सवय झालेलं लेकरू ते स्वतःहून कधीच सांगत नाही.