अ‍ॅक्टिंग शिकायचीय? आधी समोरच्याचं ऐका

नमस्कार मंडळी! "ताई, आम्ही बेळगावचे. वय बावीस. मुंबईत ओळख नाही. अ‍ॅक्टिंगची सुरुवात कुठनं करू?" हा प्रश्न खानापुरातनं आला, निपाणीतनं आला, येळ्ळूरच्या एका पोरानं तर तीनदा विचारला. म्हणून आज बसलो.

आणि हो, "बाई असून 'मी बसलो' काय म्हणता?" अशी कमेंट प्रत्येक व्हिडिओखाली असते. आमच्याकडं बाया असंच बोलतात, मीही असंच बोलणार. ऑडिशनच्या कागदावर 'मी बसले' लिहिलेलं असेल तर तिथं 'बसले' म्हणतो. यावर पुढं येतोच.

सोपं ते आधी उरकू, ऑडिशनचा व्हिडिओ कसा काढायचा ते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. मागं साधी भिंत. खिडकी तुमच्या तोंडासमोर, पाठीमागं नको. छातीपासून वरचं दिसू दे. नाव, वय, उंची, गाव, कुठल्या भाषा येतात ते सांगा, मग डावी-उजवी बाजू दाखवा. झालं. आणि ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा. रजिस्ट्रेशन म्हणू देत नाहीतर आणखी काही. मी एकविसाव्या वर्षी आठ हजार भरलेत, एका भाड्याच्या खोलीतल्या ऑफिसात. आईच्या भिशीचे होते ते. काम आलं नाही, पुढं त्यांनी फोन उचलायचंही सोडलं. आईनं त्यावर कधी एक शब्द काढला नाही, ते मला अजून लागतंय.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेले व्हिडिओ मी सगळे बघतो. डायलॉग पाठ असतात, आवाज चांगला असतो, काहींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. पण समोरचा बोलतोय ते तुम्ही ऐकत नाही. आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभे असता.

आमच्या गावात जत्रेला नाटक असतंय. एका वर्षी मी सून होतो. सासऱ्याचं काम करणारे काका तालमीत रोज गरजायचे, "नीघ माझ्या घरातनं!" आणि मी उलट ओरडायचो, "आवाज चढवू नका माझ्यावर!" प्रयोगाच्या रात्री काकांचा घसा बसलेला. ते जवळ आले आणि अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "नीघ माझ्या घरातनं." अंगावर काटा यावा असं. आणि मी? तालमीतल्यासारखंच ओरडलो, "आवाज चढवू नका!" पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. काकांनी त्या रात्री मला सोनं दिलं होतं. मी घेतलंच नाही, कारण माझ्या कानात तालीम वाजत होती.

तेच मोबाइलसमोर होतंय. काही जण समोरच्याचे डायलॉग आधी रेकॉर्ड करून लावतात. काही नुसती जागा सोडतात, मनात तीन आकडे मोजतात आणि बोलतात. नका करू असं! जिवंत माणूस उभा करा. बहीण चालेल, शेजारची काकू चालेल. तिला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभी करा, तुमच्यापेक्षा हळू बोलायला सांगा. आणि दर वेळी ते वाक्य वेगळं म्हणायला सांगा: एकदा रागानं, एकदा दमून, एकदा हसत. तुमचं उत्तर तिन्ही वेळा सारखंच आलं तर तुम्ही ऐकलेलं नाही. कुठलीही मालिका आज आवाज बंद करून बघा. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो ते मोजा.

आता दुसरी एक कमेंट. "बेळगावी टोन कसा घालवू?" घालवू नका. दुसरा टोन शिका, हा ठेवा. आणि शिकायचा तो तोंडानं नाही, कानानं. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर, अर्धा तास बसा. एकच कंडक्टर एका म्हातारीशी मराठीत बोलतोय, पुढच्याशी कन्नडमध्ये, कॉलेजच्या पोरांशी हिंदीत. भाषा बदलली की त्याची मानसुद्धा वेगळी हलते. हे तुम्ही लहानपणापासनं ऐकत आलाय, केवढी शिदोरी आहे ही! आजीला विचारून तिचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. जसंच्या तसं लिहून काढा, "काय करालायस"सकट. तिच्यासारखं म्हणा. मग तेच प्रमाण मराठीत म्हणा आणि जोर कुठं सरकला ते ऐका.

नाटक आपल्याकडं पाहुणं म्हणून आलेलं नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं. त्याच वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी पुढं संगीत नाटकाला बहर आणला. गोकाककडच्या कौजलगी निंगम्मांनी श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य गाजवलं. कन्नड कळतंय ना? मग पारिजात बघायला जा.

कोर्सचं थोडक्यात. कन्नड चांगलं असेल तर शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूची नीनासम ही नाट्यसंस्था, वर्षभराचा कोर्स आहे. मराठीतनं शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं, पण त्याला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. म्हणून गावातलं, गल्लीतलं नाटक सोडू नका, त्याचे फोटो, पत्रिका जपून ठेवा.

[खुर्ची कॅमेऱ्याजवळ ओढून]

आज रात्री एवढं करा. सॅनफोर्ड माइस्नर नावाच्या अमेरिकन शिक्षकानं बसवलेला सराव आहे. दोघं समोरासमोर बसा. समोर जे दिसतंय ते एक म्हणतो, "तू निळा शर्ट घातलायस." दुसरा म्हणतो, "मी निळा शर्ट घातलोय." पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. वाक्य बदलायचं नाही. मुद्दाम अभिनय करायचा नाही. समोरच्याचा आवाज जसा येईल तसा तुमचा होऊ द्या. दोन मिनिटांनी कंटाळा येईल, तो आवाजात येऊ दे. मग एकाला हसू फुटेल. हसून घ्या, आणि तेच वाक्य परत म्हणा.